सवत निघाली रिठदले

जऊळक्याच्या स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर गोविंदसिंगची पिठाची चक्की होती आणि त्या चक्कीत भागिरथाची सवत राहत होती. सवत लोखंडाची होती, रंगानं काळी होती, दोन म्हशींना भारी होती आणि पाण्यासारखं डिझेल पीत होती. भागिरथा म्हणायची, यापेक्षा हाडामांसाची सवत परवडली असती. तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

सवत म्हणजे चक्कीचं इंजिन. भागिरथाचा नवरा देवमन लग्नाच्या आधीपासून त्या इंजिनावर कामाला होता. छप्पनच्या साली सारी वस्ती बुद्धाच्या वाटेला लागली, घराघरातले देव गाठोड्यात बांधून नदीला गेले, तेव्हा देवमननंही आपल्या हातानं आपले देव सोडले. कोणाच्या अंगात आलं की तो हसायचा, कोणी मुहूर्त काढला की त्याच्या घड्याळातल्या चुका काढायचा. पण सकाळी चक्कीत शिरल्यावर आधी इंजिनाच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि त्याला हळूच काहीतरी विचारायचा. काय विचारायचा ते भागिरथाला कधी कळलं नाही. तिला मात्र त्यानं तसं कधी काही विचारलं नव्हतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

इंजिनाच्या धुराड्यावर देवमननं डालड्याचा फाटका डबा बसवला होता. त्यामुळे इंजिन चालू झालं की पुक्‌पुक्‌ असा आवाज शिवारभर जायचा आणि वावरातल्या बायांना कळायचं, चक्की सुरू झाली, चला दळण घेऊन. देवमन कधी आजारानं घरी असला आणि गोविंदसिंगनं स्वतः इंजिन सुरू केलं, तर जेवता जेवता देवमनचा हात ताटात थांबायचा. कान टवकारून म्हणायचा, आज खोकून राह्यलं. भागिरथाला एकदा आठवडाभर खोकला होता. तेव्हा त्यानं विचारलं होतं की हा आवाज कसला, पाण्याची घागर फुटली का.

दुपारी भाकर घेऊन जाणं हे तिचं काम. गेली की दारातच उभं राहावं लागायचं, कारण इंजिन सोडून त्याला लगेच येता येत नसे. दळण टाकायचं काम गोविंदसिंगची बायको कमलीबाई करायची. देवमन मागं इंजिनापाशी, त्याची पाठ चक्कीकडे. इतक्या वर्षांत त्यानं पिठाकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. पीठ हा बायांचा विषय, असं त्याचं मत.

मग भागिरथा काय पाहणार? चक्कीचं तोंड दाराकडे होतं आणि चक्कीच्या बाजूला ते मोठं चाक, ज्यावर इंजिनाचा पट्टा चढलेला. त्या चाकाचा एक आरा कमलीबाईनं कधीतरी पोळ्याला उरलेल्या रंगानं लाल केला होता. चाक फिरायचं तेव्हा तो लाल आरा माथ्यावरून थेट दाराकडे, म्हणजे भागिरथाच्या अंगावर यायचा. पुन्हा खाली जायचा, पुन्हा वरून अंगावर यायचा. तिला वाटायचं, सवत हात उगारून म्हणते आहे, चाल हट इथून. एकदा दुष्काळात, सरकारी रेशनची लाल मिलो ज्वारी दळायला बायांची रांग लागली होती आणि देवमन भाकरीला उठत नव्हता, तेव्हा तिनं त्या चाकाला तोंडावर शिव्या दिल्या होत्या. आवाजात कोणाला ऐकू गेल्या नाहीत, म्हणून तिनं आणखी दिल्या.

दिवस असे चालले होते आणि एके वर्षी जऊळक्यात विजेचे खांब आले. गोविंदसिंगनं मोटर आणली. मोटर केवढी, तर इंजिनाच्या मांडीएवढी. कमलीबाईनं बटण दाबलं, चक्की फिरली. ना हँडल, ना थंड इंजिन तापवायला चिंधीचा काकडा पेटवून फुंकणं, ना देवमन. गोविंदसिंग माणूस वाईट नव्हता. त्यानं मोटरीसाठी चक्कीही नवी घेतली, जुनं इंजिन आणि जुनी चक्की दोन्ही रिठदच्या बबनरावांना विकली आणि देवमनला म्हणाला, भाऊ, आता तू मोकळा.

भागिरथानं त्या दिवशी शेजारणींना साखर वाटली. कशाबद्दल, तर सवत विकली गेली. देवमन घराच्या भिंतीला टेकून बसला आणि कोणाचं मयत झाल्यासारखा बसूनच राहिला.

आता तिच्या मनात जे होतं ते अगदी वाजवी होतं. तिचा भाऊ दौलतराव रेल्वेत गँगमन होता. स्टेशनावर खलाशाची, म्हणजे पडेल ते काम करायची, एक जागा रिकामी होती आणि दौलतरावानं साहेबाच्या कानावर देवमनचं नाव घातलं होतं. निळा सदरा, राहायला खोली म्हणजे डोक्यावर रेल्वेचं कौल, वर्षाला पास. पोरगी अंजना मंगरूळपीरला दिलेली, तिच्याकडे जाताना वाशीमपर्यंत तरी तिकीट लागणार नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी साहेब जऊळक्याला येणार, तेव्हा देवमननं फक्त समोर उभं राहायचं होतं. भागिरथानं मनातल्या मनात त्या सदऱ्याला नीळही घातली होती.

आणि नेमके त्याच वेळी बबनराव आले. घरचं बरं असलेले शेतकरी. बोलायला गोड आणि घाईला पक्के. रिठदला अजून खांब पोचले नव्हते, बायांना दळायला कोसभर पलीकडे जावं लागायचं. त्यांनी शेड बांधून ठेवलं होतं आणि इंजिन बसवून द्यायला देवमन हवा होता. चाललं तर कायमचं काम आणि शेडच्या मागं राहायला खोली. नाही चाललं, तर वाशीमचा एक भंगारवाला घण घेऊन यायला तयारच होता. भंगारवाल्याचं नाव निघालं तसा देवमन भिंतीपासून सरळ झाला.

तो जाणार हे भागिरथाला दिसलंच. म्हणून तिनं आधी शब्द घेतला.

"तुमचं इंजिन तिथं नीट दळू लागलं, तं मी बी येईन रिठदले," ती म्हणाली. "नाई दळलं, तं बाजाराच्या दिवशी साहेबापुढं उभं राह्याचं. अन् पुन्हा माह्या घरात त्याचं नाव काढाचं नाई."

"मंजूर," देवमन म्हणाला. एवढ्या लवकर मंजूर झालेलं पाहून तिला वाटलं, शब्द घेण्यात आपलंच काही चुकलं.

मग इंजिन उतरवायचा कार्यक्रम सुरू झाला आणि जऊळकं करमणुकीला मुकलं नाही. देवमननं एकच मंत्र धरला होता, जसं इथं तसं तिथं. त्याचं म्हणणं, इंजिनाला सवय असते. माणूस सासरी गेला की त्याला पाणी बाधतं, तसं इंजिनालाही जागा बाधते, म्हणून जागा बदलली आहे हे त्याला कळूच द्यायचं नाही. त्यानं एक लांब दोरी घेतली आणि गाठी मारत सुटला. इंजिनापासून चक्की किती, ही एक गाठ. चक्कीपासून भिंत किती, ही दुसरी. टाकी कुठं, धुराडं किती उंच, त्याचं बसायचं स्टूल इंजिनापासून किती, साऱ्याच्या गाठी. भिंतीवरचं गेल्या की त्याच्या मागल्या सालचं तेलकट कॅलेंडर काढलं. ज्या खिळ्यावर ते टांगलं होतं तो खिळाही काढला. गोविंदसिंग म्हणाला, भिंत तेवढी ठेवून जा, माझी आहे.

पण भागिरथाचं डोकं तापलं ते गोधडीवरून. बैलबंड्या आल्या, एका बंडीवर दोन मोठी चाकं आणि चक्की चढली, दुसऱ्या बंडीवर इंजिनाचं धड. रस्ता खड्ड्यांचा. देवमन घरात आला आणि तिची गोधडी घेऊन गेला. तिच्या लग्नातल्या लुगड्याची आणि अंजनाच्या लहानपणीच्या झग्यांची ती गोधडी, तिनं सारा उन्हाळा बसून शिवलेली. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं ती इंजिनाभोवती गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि स्वतः उन्हात उघड्या डोक्यानं शेजारी बसला. बंडी हलली. शेजारीण म्हणाली, सवत निघाली रिठदले. भागिरथा म्हणाली, नवरा निघाला, सवत त्याले घेऊन चालली. सगळ्या बाया हसल्या आणि तीही हसली, पण त्या हसण्यात फार जीव नव्हता.

रिठदला काय घडलं ते तिला नंतर समजलं. तिथं दोन गोष्टी आडव्या आल्या. गोविंदसिंगची चक्की रस्त्याच्या अशा बाजूला होती की दार पूर्वेला उघडायचं. त्यामुळे इंजिनाचं तोंडही पूर्वेला आणि चक्कीचंही. बबनरावांचं शेड रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, दार पश्चिमेला. देवमन म्हणाला, दोघांचं तोंड पूर्वेलाच हवं, जसं तिथं तसं इथं. बबनराव म्हणाले, मग चक्कीचं तोंड मागच्या भिंतीला येईल, बायांनी काय भिंत फोडून पीठ न्यावं? त्यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी देवमननं अर्धी माघार घेतली. चक्की गिऱ्हाइकाची, तिचं तोंड दाराकडे करा. पण इंजिन माझं, त्याचं तोंड पूर्वेकडेच राहील.

बबनरावांची म्हातारी आई प्रयागबाई हे सारं ऐकत होती. तिला वाटलं, बरं झालं, माणसाला धर्म कळतो. तिनं नारळ पाठवला. देवमन म्हणाला, नारळ तुमी फोडा, आमचा त्याच्याशी संबंध नाही, पूर्वेचा अन् देवाचा काही संबंध नाही, इंजिनाला सवय आहे इतकंच. म्हातारीनं नारळ फोडला, त्यातलं खोबरं घरी नेलं आणि मान हलवत गेली. देव सोडून पूर्व धरून बसलेला माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

सिमेंटचा पाया घातला, इंजिन बोल्टांनी पक्कं केलं. शेड अरुंद असल्यानं पट्टा जरा ढिला पडत होता. बबनराव म्हणाले, हातभर कापून टाकू. देवमननं पट्ट्यावर असा हात ठेवला की कोणी त्याचं बोटच मागितलं होतं. पट्टा कापायचा नाही, घसरू नये म्हणून राळ लावून चालवू. तेही झालं. कॅलेंडर त्याच खिळ्यावर टांगलं, स्टूल गाठीप्रमाणं ठेवलं. काकडा पेटला, हँडल फिरलं आणि डालड्याच्या डब्यातून जऊळक्याचा तोच आवाज रिठदच्या शिवारावर गेला. पुक्‌, पुक्‌, पुक्‌. देवमनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते धुराच्या नावावर खपवलं.

बाया डोक्यावर डबे घेऊन धावत आल्या. पहिला मान प्रयागबाईच्या ज्वारीचा. आणि चक्कीच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते पीठ नव्हतं. अर्धी भरड, अर्धा कोंडा, वर जळका वास आणि हाताला चटका. दगड आणखी आवळला तर आतून ठिणग्यांचा वास यायला लागला. ढिला केला तर ज्वारी अख्खी बाहेर. देवमननं चक्की उघडून दगडांना पुन्हा छिन्नीनं टाकी लावली. पुन्हा तेच. इंजिन साफ केलं, त्याला गोड बोलून पाहिलं. इंजिन बिचारं ठणठणीत होतं, तेवढ्याच जोमानं पुक्‌पुक्‌ करत होतं आणि ज्वारीचा सत्यानाश करत होतं. गावातले उंटावरचे शहाणे जमा झाले. एक म्हणाला, डिझेलमध्ये भेसळ आहे. दुसरा म्हणाला, रिठदची ज्वारीच कडक. प्रयागबाईनं त्या पिठाची भाकर थापून पाहिली, ती तव्यावर जाण्याआधीच तिच्या हातात फुटली. तिनं ते तुकडे पदरात घालून शेडात आणले आणि देवमनसमोर धरले.

"हे खाऊन दाखव," ती म्हणाली. "मंग मी बी खाईन."

देवमननं खाल्लं. सारे तुकडे संपवले. बबनरावांनी मात्र त्या संध्याकाळी वाशीमला निरोप पाठवला की बाजाराच्या दिवशी घण घेऊन या.

भागिरथाला हे सारं कोणी सांगितलं नव्हतं. ती बाजाराच्या आदल्या दिवशी, एस.टी. बदलत बदलत, रिठदला उतरली ती फक्त नवऱ्याला न्यायला. चाललं असो की नसो, साहेबासमोर एकदा उभं करायचंच, असं तिनं ठरवलं होतं. बरोबर आपल्या घरची ज्वारी पायलीभर आणली होती. दुसऱ्याच्या गावात रिकाम्या हातानं जाऊ नये, शिवाय दुसऱ्याचं पीठ किती दिवस खायचं.

पुक्‌पुक्‌ ऐकून ती खट्टू झाली. चाललं म्हणायचं. पण शेडापाशी आली आणि पाहते तर एकही बाई रांगेत नाही. दारात बबनराव हाताची घडी घालून उभे, बाजूला प्रयागबाई बाजेवर, पाच-सात माणसं विड्या ओढत बसलेली. आत देवमन पाठमोरा. त्यानं पाठीवरचा सदराही काढला नव्हता, घामानं चिकटला होता. इंजिनाभोवतीची गोधडी आता इंजिनाखाली, थेंब थेंब तेल झेलत अंथरलेली. भागिरथानं गोधडीकडे पाहिलं आणि तिचे ओठ आवळले गेले. प्रयागबाईनं तिला सारी हकिगत सांगितली. सांगताना तिला बाजेवर बसायला जागा केली नाही, पण पाणी दिलं. भागिरथानं उभ्यानंच प्यालं.

म्हणजे इंजिन नापास झालं होतं. भागिरथाला जे हवं होतं ते बसल्या जागी मिळालं होतं. उद्या भंगारवाला येईल, घण पडेल आणि नवरा तिच्याबरोबर एस.टी.त बसून जऊळक्याला येईल. शब्द त्यानंच दिला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं, सवयीनं दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि सवयीनंच चक्कीच्या चाकाकडे नजर लावली. शेवटचं पाहून घे, असं तिनं स्वतःला सांगितलं. उद्यापासून कुठं दिसणार.

आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चाक तेच. लाल आरा तोच. पण तो अंगावर येत नव्हता. खालून निघायचा, माथ्यावर जायचा आणि तिथून पलीकडे, भिंतीकडे पळायचा. पुन्हा खालून, पुन्हा पलीकडे. इतकी वर्षं जिनं हात उगारून हट म्हटलं, ती आज पाठ दाखवून पळत होती. भागिरथानं डोळे चोळले. दाराच्या दुसऱ्या चौकटीला जाऊन पाहिलं. सवत उलटी फिरत होती, यात शंका नव्हती. लहानपणापासून जात्यावर बसलेल्या बाईला एवढं कळतं की जातं उलटं ओढलं की पीठ होत नाही, हात मात्र दुखतात.

आता ही गोष्ट त्या शेडात एकट्या भागिरथाला ठाऊक होती. देवमनला ठाऊक नव्हती, कारण तो चाकाकडे पाठ करूनच जन्माला आला होता. बबनरावांनी जऊळक्याची चक्की चालताना कधी बारकाईनं पाहिली नव्हती. तिनं फक्त तोंड मिटून ठेवायचं होतं. तेवढं केलं की निळा सदरा, पास, रेल्वेचं कौल, सारं घरी. खोटं बोलायचं नव्हतं, कोणाचं वाईट करायचं नव्हतं. लोखंडाचं लोखंड होणार, एवढंच.

ती चौकट धरून उभी राहिली. मनात म्हणाली, भागिरथे, आयुष्यात एकदा तरी गप्प राह्य.

तेवढ्यात विडीवाल्यांपैकी एक जण म्हणाला की जऊळक्याचा मिस्त्री नुसता आवाज काढण्यात वाकबगार दिसतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसरा म्हणाला. लोक हसले. देवमननं मागं वळून पाहिलं. त्याला भागिरथा दिसली. ती आली याचा त्याला आनंद झाला नाही की राग आला नाही. तो फक्त म्हणाला, "आली काय. चाल, हे बंद करतो अन् निघू." आणि इंजिन बंद करायला वाकला. वाकताना त्यानं नेहमीसारखा त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

ते भागिरथाला सोसवलं नाही. खरं सांगायचं तर तिला रडूच आलं, आणि रडू आलं की ती भांडल्यासारखी बोलायची.

"थांबा जरासं," ती ओरडली. "तिथं तं ही रांड रोज माह्या अंगावर यायची. इथं पाठ दाखवून काहून पळून राह्यली?"

कोणाला काही कळलं नाही. प्रयागबाईला वाटलं, या बाईच्या डोक्याला ऊन लागलं. देवमन मात्र हँडलवरचा हात तसाच ठेवून थांबला. त्यानं भागिरथाकडे पाहिलं, तिनं बोट दाखवलं तिकडे, चक्कीच्या चाकाकडे पाहिलं. लाल आरा भिंतीकडे पळत होता. मग त्यानं इंजिनाच्या तोंडाकडे पाहिलं, मग चक्कीच्या तोंडाकडे. एकाचं पूर्वेला, एकाचं पश्चिमेला, भांडलेल्या नवरा-बायकोसारखी दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेली. देवमन सावकाश स्टुलावर बसला. स्टूल तेवढं गाठीप्रमाणं बरोबर जागेवर होतं.

चक्की फिरवली होती आणि इंजिन फिरवलं नव्हतं, म्हणून दगड उलटा चालला होता. सगळं जसं तिथं तसं इथं ठेवायच्या नादात त्यानं मुळातलीच गोष्ट उलटी करून ठेवली होती, आणि तीही पूर्वेच्या नावानं. बबनरावांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, कारण पाया सिमेंटचा होता आणि उद्या बाजार होता. पाया फोडायचा, इंजिन वळवायचं, पुन्हा पाया घालायचा, तोवर भंगारवाला दारात.

देवमन एकदम उठला. इंजिन बंद केलं. पट्टा दोन्ही चाकांवरून उतरवला, त्याला मधोमध एक पीळ दिला आणि पुन्हा चढवू लागला. पीळ दिलेला पट्टा मधे कात्रीसारखा एकमेकांवरून जातो आणि दुसरं चाक उलट्या अंगानं ओढतो, हे त्यानं कधीतरी वाशीमच्या कापसाच्या जिनात पाहिलं होतं. पिळाला पट्टा जास्त लागतो. मघापर्यंत ढिला लोंबणारा पट्टा आता चाकावर तबल्याच्या वादीसारखा ताणून बसला. हातभर कापला असता तर चढलाच नसता. देवमननं बबनरावांकडे पाहिलं, पण तोंडातून काही काढलं नाही. बायकोसमोर एका दिवसात किती बोलावं, याचा अंदाज त्याला आला होता.

आता प्रश्न ज्वारीचा. गावातलं कोणीच आणखी दाणा नासवायला द्यायला तयार नव्हतं. प्रयागबाईनं तर डबा पदराखाली झाकला. भागिरथानं आपली पिशवी पुढं केली. काकडा पेटला, हँडल फिरलं, पुक्‌पुक्‌ सुरू झालं आणि लाल आरा माथ्यावरून सरळ तिच्या अंगावर आला. तिनं पिशवी चक्कीच्या पेटीत उपडी केली आणि खाली तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीपाशी जाऊन बसली. पहिली मूठ हातात घेऊन अंगठ्यानं चोळली. पांढरं, मऊ, कोमट पीठ.

"झालं," ती म्हणाली.

देवमन इंजिनापासून उठला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चालत चक्कीच्या या बाजूला आला. पिठाकडे पाहिलं. त्यालाही एक चिमूट चाखावीशी वाटली. पीठ म्हणजे काय असतं ते त्याला त्या दिवशी कळलं, असं भागिरथा पुढं सांगायची. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

तिची पायली संपली तसा बबनरावांनी आईला डबा आणायला सांगितलं. प्रयागबाई उठली आणि चक्कीपाशी येऊन थबकली. चक्कीचा नियमच असा, की आधीच्या दळणाचं मूठभर पीठ दगडात राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. आधीचं दळण भागिरथाचं होतं. म्हातारीच्या तरुणपणी असं चाललं नसतं. तिच्या मनात काय चाललं ते शेडातल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि भागिरथाला सर्वांत आधी दिसलं. ती बाहीपाशी बसली होती तिथून हलली नाही. म्हातारीनं एकदा भागिरथाकडे पाहिलं, एकदा त्या मऊ पिठाकडे. चार दिवस तिनं फुटक्या भाकरी खाल्ल्या होत्या. तिनं डबा पुढं केला.

"वत बाई," प्रयागबाई म्हणाली. "बारीक होऊ दे."

भागिरथानं तिची ज्वारी पेटीत ओतली.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, पुक्‌पुक्‌ ऐकून चहा पिऊन परत गेला. जऊळक्याच्या स्टेशनावर साहेबासमोर देवमन उभा राहिला नाही. खलाशाची जागा दौलतरावाच्या साळ्याला मिळाली आणि तो निळ्या सदऱ्यात फारच शोभून दिसायचा. अंजना माहेरी आली की मामाच्या घरातल्या पासाच्या गोष्टी सांगायची आणि भागिरथा ऐकून घ्यायची. तिनं शब्द पाळला. शेडमागच्या खोलीत संसार थाटला आणि दळण टाकायला बसली. बबनरावांना तिनं बजावलं की इंजिनवाल्यानं नुसतं इंजिन पाह्याचं असेल तर पाहू द्या, पण चक्कीवर मी बसणार, नाहीतर हा पुन्हा पूर्व शोधत बसेल. रिठदच्या बाया चक्कीला भागिरथाची चक्की म्हणू लागल्या. देवमनला ते नाव खटकायचं, पण बोलायची सोय नव्हती.

हंगाम संपल्यावर बबनराव म्हणाले, आता सवड आहे, पाया फोडून इंजिन नीट वळवून घेऊ, पीळ दिलेला पट्टा लवकर झिजतो. देवमन तयार झाला. भागिरथानं नकार दिला. म्हणाली, पट्टा झिजू द्या, दुसरा आणा. मला त्या पिळाची खूण राहू द्या.

गोधडी तिनं इंजिनाखालून ओढून काढली होती, नदीवर नेऊन सोड्यात उकळली होती, दगडावर बडवली होती. लुगड्याचा रंग गेला, झग्यांची फुलं गेली, डिझेलचा वास काही गेला नाही. तीच गोधडी पांघरून दोघं झोपायची. एकदा दुपारी चक्की बंद होती, ती गोधडी उन्हात वाळत घालत होती आणि देवमन स्टुलावर बसून पट्ट्याला राळ लावत होता. त्यानं खाली मान घालूनच विचारलं, कारण तोंडाकडे पाहून विचारायची त्याची हिंमत नव्हती.

"त्या दिवशी तू गप्प राह्यली असती, तं मी आलो असतो जऊळक्याले. शब्द देल्ला होता. तू काहून बोलली?"

भागिरथानं गोधडीचा कोपरा झटकला.

"आले असते," ती म्हणाली. "पन तुमी बी उलटेच फिरले असते. जनमभर तसलं पीठ कोन खाईल?"

देवमननं पट्टा सोडला. राळेचा हात सदऱ्याला पुसला, उठला, आणि गोधडीचं दुसरं टोक धरायला गेला.